नाहणी ट्रॅप आणि करवंदं

दिंडोशीकराला जंगलात जायला तंबू लागत नाही, गाडी लागत नाही, रजासुद्धा लागत नाही. प्लंबरने मोकळं सोडलं की झालं. मेट्रोच्या लाल मार्गिकेवर दिंडोशीला बसायचं; कुरार, आकुर्ली, पोयसर, मागाठाणे, देवीपाडा, आणि पुढचं स्टेशन राष्ट्रीय उद्यान. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्तच जंगल, त्यात दोन तलाव, शंभरावर लेणी, आणि दाराशी मेट्रो. ज्यांना तेवढंही जायचा कंटाळा, त्यांच्याकडे बिबट्या स्वतः येऊन जातो आणि सोसायटीच्या सीसीटीव्हीत हजेरी लावतो. तरीही आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी शाळेच्या सहलीनंतर कान्हेरी पाहिलेलं नाही. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: "अहो, घरात काम काढलंय."

हे काम बारा महिन्यांत कधीही निघू शकलं असतं. ते निघतं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. जंगलात करवंदं काळी पडू लागतात, जांभळाखाली सडा पडतो, बोरिवली स्टेशनाबाहेर पाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणात रानमेवा घेऊन बसतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाथरूमच्या छतावर वाटीएवढा ओला डाग उमटतो. शनिवारी तो ताटलीएवढा होतो. रविवारी पहाटे पाठीवर सॅक चढवून, बुटाची नाडी बांधता बांधता सहज वर बघावं, तर परात.

पुष्कळ लोक याला नशीब म्हणतात. मला तसं वाटत नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावर गावाहून पाहुणे येतात, मुलांना सुट्टी असते, उकाड्यामुळे माणशी तीन-तीन आंघोळी होतात आणि एरवी चार बादल्या झेलणाऱ्या नाहणीवर सकाळ-संध्याकाळ मारा सुरू होतो. नाहणीच्या ट्रॅपभोवतीचं सिमेंट अकरा महिने तग धरतं आणि बाराव्या महिन्यात हात टेकतं. त्यात गच्चीवरचा कोबा उन्हाने तापून भेगाळलेला. दुरुस्ती लांबणीवर टाकायची तर पाऊस तोंडावर. मुंबईत मोसमी पावसाची तारीख हवामान खात्याच्या हिशेबाने ११ जून. म्हणजे वॉटरप्रूफिंगला उरतात तीन आठवडे. जंगलातला रानमेवा, भंडारदऱ्याचे काजवे आणि चिखल होण्याआधीच्या पायवाटा यांनाही तेवढेच तीन आठवडे. दोघांची वेळ एकच पाऊस ठरवतो, आणि तो कुणाला विचारून ठरवत नाही.

ही फक्त आपल्याकडची रड आहे असंही नाही. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिकडच्या उत्तरेकडच्या जंगलात सरोवरंच सरोवरं. उन्हाळा आला की मंडळी मोटारीच्या टपावर होडी बांधून निघतात. याची होडी टपावर चढली की तळघरात पाणी चढतं. बर्फ वितळून जमीन तुडुंब झालेली असते, आणि ते पाणी उपसायला बसवलेला पंप वर्षभर गप्प राहून त्याच दिवशी मान टाकतो. फोनवर आम्ही एकमेकांचं सांत्वन करतो. फरक एवढाच की त्याचं पाणी खालून येतं, आमचं वरून. त्यामुळे त्याला भांडायला कुणी नसतं. या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत.

कारण आमच्याकडे गळती ही पाण्याची समस्या नसून मालकीची समस्या आहे. डाग माझ्या छतावर, पण पाणी कुणाचं? वरच्या काकू दार अर्धवट उघडून सांगतात, "आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे हो. बाहेरच्या पाइपचं असेल." सेक्रेटरीसाहेब चष्मा कपाळावर सरकवून सांगतात, "बाहेरचा पाइप मागच्याच वर्षी बदललाय. तुमचं इंटरनल मॅटर आहे." उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने, आणि घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने. वाचायला किती सोपं! पण पाण्याने उपविधी वाचलेले नसतात. ते काकूंच्या नाहणीतून निघतं, स्लॅबमधल्या सळईच्या कडेकडेने चार हात जातं, बाहेरच्या पाइपाला खेटून उतरतं आणि माझ्या गिझरच्या वर प्रकट होतं. म्हणजे तिघांचं म्हणणं खरं. आणि तिघांचंही खरं असलं की काम कुणीच करत नाही.

त्यातून दिंडोशी! या मुलखाला पाण्याची भांडणं नवीन नाहीत. गोरेगावच्या नळाला पाणी यावं म्हणून मृणाल गोऱ्यांनी हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन महापालिकेला भंडावून सोडलं आणि 'पाणीवाली बाई' हे नाव कमावलं. १९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोकांनी घोषणा केली होती: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. पुढे मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल जमीन धारणा कायद्याचं बोट धरून सरकारकडून दिंडोशीच्या टेकडीवर जागा मिळवली आणि नागरी निवारा परिषदेतर्फे हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारी घरं उभी केली. एका बाईने आयुष्य वेचून पाणी नळापर्यंत आणलं. तिथून छतापर्यंत ते आपल्या कर्तबगारीवर गेलं. आज घोषणा करायची तर वरचा सभासद गावाला, खालचा सभासद पाण्यात.

आता प्लंबर. मुंबईत चांगला प्लंबर शोधायला गेलात तर तो बहुधा ओडिशाचा निघतो, त्यातही केंद्रपाडा जिल्ह्याचा. त्या भागातले प्लंबर देशभर पसरलेले आहेत, आणि तिथल्या पट्टामुंडईत या धंद्याचं शिक्षण देणारी सरकारी संस्थाही आहे. आमच्याकडे येतो तो असाच एक. हडकुळा, मितभाषी, खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन पाने, छिन्नी, हातोडी, टेफलॉन टेपची गुंडाळी आणि एम-सीलची अर्धवट वापरलेली पुडी. त्याची तपासणी बघण्यासारखी असते. काकूंच्या बाथरूममध्ये तो उकिडवा बसतो, स्क्रूड्रायव्हर उलटा धरतो आणि मुठीच्या बाजूने एकेक टाइल वाजवत जातो. टक, टक, टक, टक. मान तिरकी, डोळे मिटलेले. दारात काकू, मागे काका, त्यांच्या मागे मी, जिन्यात सेक्रेटरी. सगळे श्वास रोखून. मग एका टाइलवर आवाज बदलतो. टक-टक सोडून बद्द. तो डोळे उघडतो आणि म्हणतो, "ये वाला बोल रहा है."

टाइल बोलली म्हणजे फोडली. काकूंचा चेहरा पडतो. ही निळ्या फुलांची टाइल आता बाजारात मिळत नाही, हे त्या मला पाचव्यांदा सांगतात. जणू बंद मी पाडली.

फोडायचं कधी, हा पुढचा प्रश्न. सोसायटीच्या नियमाप्रमाणे रविवारी आणि रोज दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. ऑफिसच्या नियमाप्रमाणे इतर दिवशी मी बंद. काका सेवानिवृत्त आहेत, पण त्यांची झोप दोन ते पाच असते. प्लंबर सांगतो, "मंडे फिक्स, साब." सोमवार म्हटल्यावर मी खूश होतो. सोमवारी रजा टाकायची, अकरापर्यंत काम उरकायचं आणि दुपारी झाडांच्या सावलीत जाऊन बसायचं. तेवढ्यात बायको आठवण करून देते की सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं. आठवड्याचे सहा दिवस उघडं असलेलं जंगल मी सातव्या दिवशी मोकळा असतो म्हणून बंद राहतं. सोमवारी अर्थात प्लंबरही येत नाही. तो येतो बुधवारी, मी मीटिंगमध्ये असताना, आणि फोनवर विचारतो, "साब, घर पे कोई नहीं?"

बरं, त्याच्यावर चिडावं तर तेही फार वेळ जमत नाही. जूनच्या मध्याला ओडिशात रज नावाचा सण असतो. पहिल्या पावसाने धरणी रजस्वला होते म्हणून तीन दिवस नांगर बंद, कुदळ बंद, घरोघरी झोपाळे आणि पक्वान्नं. आपला प्लंबर त्याच्या आधीच गाडी पकडतो. म्हणजे ज्या पावसाच्या धाकाने मी त्याला शोधत असतो, त्याच पावसाच्या ओढीने तो गावाला निघालेला असतो. मेमध्ये निसर्गाकडे जायचा हक्क बिल्डिंगमधल्या कुणाला नीट बजावता येत असेल तर तो त्यालाच.

इकडे फोनवर आमच्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपला ऊत आलेला असतो. काजवे बघायला भंडारदरा, पुरुषवाडी की राजमाची, यावर चर्चा. कसाऱ्याची कुठली लोकल, जीप कोण ठरवणार, टॉर्चला लाल कागद लावायचा की टॉर्च न्यायचाच नाही. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे लग्न जुळवण्याची धडपड असते. पाऊस लागायच्या आत त्यांना ते उरकायचं असतं. मीही त्यात उत्साहाने मतं देत असतो. एका हाताने 'मी नक्की' लिहायचं आणि दुसऱ्या हाताने गळक्या जागेखाली बादली सरकवायची, ही कसरत दिंडोशीत सगळ्यांना येते. शुक्रवारी रात्री ग्रुपवर माझा संदेश जातो: "बाथरूमचं काम निघालंय. तुम्ही व्हा पुढे." त्यावर चार जण हात जोडल्याची चित्रं पाठवतात. त्यातल्या दोघांचं स्वयंपाकघर गळत असतं, हे मला नंतर कळतं.

जंगल तरी किती वाट बघणार? कारवीचंच घ्या. राष्ट्रीय उद्यानातली कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ साली डोंगर जांभळा झाला होता, मग थेट २०२४ साली. मधल्या काळात ती हिरवी काठी होऊन उभी असते, कुणाला काही आश्वासन देत नाही, आणि वेळ आली की दिलेल्या वेळेला हजर. आमच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव २०१६ च्या सर्वसाधारण सभेत मांडला गेला होता. २०२४ ला तो पुन्हा मांडला गेला. कारवी दोन्ही वेळा फुलली.

आमच्या आजोबांना असली ओढाताण ठाऊक नव्हती. मेमध्ये चाकरमानी कोकणात जायचा तोच मुळी दोन्ही कामांसाठी. सकाळी घर शाकारायचं: शिडी लावून वर चढायचं, कौलं परतायची, फुटकं कौल बदलायचं, वाशाला वाळवी लागलीय का ते ठोकून बघायचं. पडवीला वाऱ्यापावसाच्या बाजूने नारळाच्या झावळ्या बांधायच्या. आगोट जवळ आली म्हणून लाकडं, सुकी मासळी, पापड-कुरडया माळ्यावर. आणि दुपारी पोरं कातळावरच्या जाळ्यांत शिरून करवंदं ओरबाडायची. दुरुस्ती आणि भटकंती एकाच अंगणात. कौल बदलणाऱ्याला छपरावरून समोरचा डोंगर दिसायचा, आणि करवंदं खाणाऱ्या पोराला हाक मारून कौल मागवता यायचं. मुख्य म्हणजे छप्पर आपलं, गळतीही आपली. वर काकू नव्हत्या. भांडायला भाऊबंद होते, पण त्यांच्याशी बांधावरून भांडायचं असे, छतावरून नव्हे.

स्लॅब आला आणि ही सोय गेली. स्लॅब कायमचा असतो, असा आपला समज करून देण्यात आला. कौलाला दर वर्षी हात लावावा लागतो हे माहीत असल्यामुळे माणूस हात लावायचा. स्लॅबला कधीच हात लावायचा नसतो असं धरून चाललो, आणि मग तीस वर्षं झाल्यावर कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करा म्हणून नोटीस येते तेव्हा सगळी सोसायटी आश्चर्याने एकमेकांकडे बघते.

गळतीने गांजलेल्या माणसाने कान्हेरीला एकदा जाऊन यावं. निसर्गासाठी नव्हे, प्लंबिंगसाठी. एरवी लोक तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला मोठा चैत्य बघतात, बुद्धमूर्तीपुढे फोटो काढतात आणि माकडांना चुकवत परततात. मी गेलो ते मान वर करून छतं बघत. इसवी सनाच्या आगेमागे हे डोंगर कोरायला सुरुवात झाली आणि पुढची जवळजवळ हजार वर्षं काम चालू होतं. आमच्या बिल्डिंगपेक्षा किंचित जास्त. बहुतेक विहारांच्या दाराशी, अंगणाच्या कडेला जमिनीत कोरलेली पाण्याची टाकी आहे. शिलालेखांत तिला पोढी म्हटलंय. डोंगराच्या वरच्या अंगाला कातळात बोटभर-वीतभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी खडकावरून घरंगळत येतं, पन्हळीत पडतं, वळण घेतं आणि थेट पोढीत उतरतं. सिमेंट नाही, ट्रॅप नाही, टेफलॉन टेप नाही. पाण्याला कुठून जायचं ते सांगितलंय आणि पाणी ऐकतंय. भर मेमध्ये खाली वाकून बघितलं तर काही पोढ्यांत अजून पाणी होतं. त्यात माझं तोंड दिसलं. ते पाहून बायको म्हणाली, "इथेही गळतीचाच विचार चाललाय ना?"

खरं तर मी देणगीदारांचा विचार करत होतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कुणी काय दान दिलं ते कोरून ठेवलंय. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिल्याचा उल्लेख आहे. म्हणजे कल्याणला राहणारा माणूस इथल्या अनोळखी भिक्षूंच्या पाण्याची सोय आपल्या पैशाने करतो, आणि त्याचं नाव दगडावर राहतं. आमच्याकडे गच्चीच्या दुरुस्तीची वर्गणी न देणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर राहतात. काही नावं इतकी वर्षं आहेत की त्यांच्यावरही पुरातत्त्व खात्याने पाटी लावायला हरकत नाही. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात तर १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत तारखेसकट नावं कोरली आहेत. हजार वर्षांपूर्वी माणसं अमुक दिवशी इथे आलो होतो असं दगडावर लिहून देत. आमचा प्लंबर 'मंडे' तोंडी सांगतो.

तिथून परतताना डोंगराच्या पलीकडे तुळशी आणि विहार हे तलाव आहेत याची आठवण झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईला पाणी पाजायला बांधलेले हे तलाव आजही मुंबईला पाणी देतात. दर पावसाळ्यात ते काठोकाठ भरून वाहू लागले की वर्तमानपत्रं पहिल्या पानावर आनंदाची बातमी छापतात. माझी बादली भरून वाहिली तर खालचा सभासद वर येतो. आणि आता याच जंगलाच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे जाणार आहेत, प्रत्येकी सुमारे ४.७ किलोमीटर. अख्खा डोंगर पोखरायला यंत्र मिळतं, आराखडा मिळतो, परवानग्या मिळतात. काकूंच्या बाथरूममधली एक निळी टाइल काढायला मात्र तिघांची एकत्र वेळ मिळत नाही.

तरीही एक उपाय सापडला आहे, आणि तो मला प्लंबरनेच नकळत दाखवला. टाइल फोडून, नवा ट्रॅप बसवून, रसायन लावून झालं की त्याची परीक्षा घ्यावी लागते. नाहणीला बोळा लावायचा, बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी भरायचं आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. याला पाँडिंग टेस्ट म्हणतात. या चोवीस तासांत कुणीही काहीही करायचं नसतं. काकूंनी आंघोळ करायची नाही, मी ठोकाठोक करायची नाही, सेक्रेटरीने बोलायचं नाही. फक्त पाण्याने आपलं काम करायचं. मी छताकडे टक लावून बसलो काय, शिलोंड्याच्या पायवाटेवर झऱ्याकाठी करवंदं खात बसलो काय, पाण्याला फरक पडत नाही. म्हणून टेस्ट शनिवारी रात्री लावायची आणि रविवारी पहाटेच्या मेट्रोने निघायचं. संध्याकाळी परत येऊन छत बघायचं. कोरडं असेल तर उत्तम. ओलं असेल तर निदान करवंदं तरी खाऊन झालेली असतात. गच्चीवर नवा कोबा घातला की त्यावर आठवडाभर पाणी तुंबवून ठेवावं लागतं, तेव्हा काजव्यांचाही मुक्काम बसतो. फक्त सकाळ-संध्याकाळ वर जाऊन पाणी बघायला कुणीतरी हवं. त्यासाठी वरच्या काकांना करवंदांचं लोणचं कबूल केलं आहे.

एवढं सगळं आखूनही पाऊस कधी येईल याचा नेम नाही. २०२५ साली तो ११ जूनची वाट न बघता २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. त्याआधीचा विक्रम १९५६ सालच्या २९ मेचा होता. २०२५ च्या त्या मेमध्ये दिंडोशीतल्या अनेक गच्च्या अर्ध्या फोडलेल्या अवस्थेत पावसाला सामोऱ्या गेल्या, निळी ताडपत्री दुकानांत दुप्पट भावाने विकली गेली आणि काजवे बघायला निघालेले लोक छत्री घेऊन निघाले. तेव्हा माझं स्पष्ट मत असं की गच्ची एप्रिलमध्येच धरावी. मेवर दोन-दोन कामांचा भार टाकू नये.

आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकांना एक हात जोडून विनंती. महिन्यातून एकदा नाहणीची जाळी उचला आणि त्यातले केस काढा. खालच्या घरातून कुणी बेल वाजवली तर 'आमच्याकडे कोरडं आहे' म्हणण्याआधी एकदा खाली येऊन त्याचं छत बघून जा. चहा आमच्याकडे. फक्त शनिवारी या. रविवारी आम्ही घरी नसतो.